कोलमन यांचा आरोप स्वतः पडताळायचा कसा? ‘आयसिस अन्व्हेल्ड’ आणि ‘व्हॉइस ऑफ द सायलेन्स’मधल्या उचललेल्या उताऱ्यांची तपासणी

थिऑसॉफी, म्हणजे ब्लाव्हॅट्स्कीबाईंनी 19व्या शतकात उभारलेली गूढविद्येची चळवळ, हिचा विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली असतात. पहिलं: “कोलमननी ब्लाव्हॅट्स्कीबाईंच्या ‘आयसिस अन्व्हेल्ड’ या पुस्तकात 2000 चोरलेले उतारे सिद्ध केले.” दुसरं: “कोलमन विरोधी गटातले, त्यांचं काय ऐकायचं?” दोन्ही वाक्यं एकही पुस्तक न उघडता म्हणता येतात आणि दोन्ही चुकीची आहेत. कोलमननी 2000 उताऱ्यांचा आकडा दिला, पण त्या प्रत्येक उताऱ्याची पानवार जोडी छापली नाही. म्हणून “सिद्ध केले” म्हणता येत नाही. आणि ते कोणत्या गटातले होते यावरून छापील पानावरचे शब्द बदलत नाहीत, म्हणून दुसरं वाक्यही निकामी.

तपासणी करायला बसणारे पुष्कळ असतात, पण बहुतेक जण क्रम चुकवतात: चुकीची आवृत्ती उघडतात, दुसऱ्याने दाखवलेलंच पान तपासतात, किंवा तीन वेगळे आरोप एकाच पोत्यात भरतात. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा.

टप्पा 1: कोण काय म्हणालं, एवढंच आधी पक्कं करा

विल्यम एमेट कोलमन (1843–1909) हे अमेरिकन स्पिरिच्युअलिस्ट. मेलेल्यांचे आत्मे माध्यमाच्या तोंडून बोलतात, यावर त्यांचा विश्वास होता. थिऑसॉफिस्टांचं म्हणणं असं की बैठकीत बोलतं ते बहुधा मृताने मागे टाकलेलं पोकळ कवच, खरा आत्मा नव्हे. भांडणाचं मूळ इथे आहे. म्हणजे कोलमन नास्तिक नव्हते आणि मिशनरीही नव्हते. त्यांना तसं म्हणणारा लेख दिसला तर तो मूळ मजकूर न वाचता लिहिला आहे असं समजून बाजूला ठेवा.

त्यांचा मुख्य लेख सॅन फ्रान्सिस्कोहून ऑगस्ट 1893 मध्ये लिहिलेला आहे. तो स्वतंत्र पुस्तक म्हणून निघाला नाही. सोलोव्ह्योव्ह यांच्या ब्लाव्हॅट्स्कीबाईंवरच्या रशियन पुस्तकाचं वॉल्टर लीफ यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर, ‘अ मॉडर्न प्रीस्टेस ऑफ आयसिस’, 1895 साली लंडनला लाँगमन्सने काढलं. त्याच्या शेवटी परिशिष्ट ‘सी’ म्हणून हा लेख जोडलेला आहे.

⚠ सावधान: इथे तीन प्रकरणांची हमखास गल्लत होते. ती अशी वेगळी ठेवा:

- हॉजसन अहवाल (1885): अलौकिक घटनांची चौकशी करणाऱ्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चचा. त्यात अड्यारमधली (मद्रासजवळचं थिऑसॉफिकल सोसायटीचं मुख्यालय) पत्रं आणि ‘चमत्कार’ यांची चौकशी आहे. पुस्तकांतल्या उताऱ्यांशी त्याचा संबंध नाही.
- किडल प्रकरण (1883): हेन्री किडल हेही स्पिरिच्युअलिस्ट. 1880 च्या आपल्या भाषणातली वाक्यं थिऑसॉफिस्ट लेखक सिनेट यांच्या ‘द ऑकल्ट वर्ल्ड’मध्ये महात्म्याचं (थिऑसॉफिस्टांच्या गुप्त गुरूचं) पत्र म्हणून छापली आहेत, अशी त्यांची तक्रार. काही ओळींपुरतं प्रकरण.
- कोलमन यांचा आरोप: संपूर्ण पुस्तकांच्या उगमाबद्दलचा. आपलं काम फक्त याच्याशी.

पद्धत अंगवळणी पडावी म्हणून आधी किडल प्रकरण करून पाहायला हरकत नाही. मजकूर थोडा आहे, एका दुपारी होतो.

टप्पा 2: टेबलावर काय काय हवं

1. परिशिष्ट ‘सी’, 1895 च्या पुस्तकातलंच. संकेतस्थळांवर फिरणाऱ्या तुकड्यांत पुस्तकांची यादी अर्धवट असते.
2. ‘आयसिस अन्व्हेल्ड’, न्यूयॉर्क, 1877, प्रकाशक बाउटन, दोन्ही खंड, पानांच्या छायाप्रती. इंटरनेट अर्काइव्हसारख्या ठिकाणी त्या काळच्या पुस्तकांचे स्कॅन मिळतात. नव्याने टाइप केलेला मजकूर शोधायला वापरा, पुरावा म्हणून वापरू नका.
3. कोलमननी नाव घेतलेली निदान तीन पुस्तकं, 1877 च्या आधी छापलेली.
4. एक जाड वही किंवा स्प्रेडशीट.

पहिला खंड योग्य छपाईचा आहे का, हे ओळखण्याची एक खूण आहे. मजकुराचं पहिलं पान उघडा. वर ‘द व्हेल ऑफ आयसिस’ असं दिसलं पाहिजे. पुस्तकाचं आधी ठरलेलं नाव तेच होतं. ते बदलेपर्यंत पहिल्या खंडाच्या प्लेट तयार झाल्या होत्या, म्हणून जुनं नाव तिथे राहून गेलं. नंतरच्या संपादित आवृत्तीत अवतरणं दुरुस्त केलेली, संदर्भ भरलेले असू शकतात. आणि आपल्याला नेमक्या मूळच्या चुकाच पाहायच्या आहेत.

उगमग्रंथांची आवृत्तीही तितकीच महत्त्वाची. किंग यांच्या ‘द नॉस्टिक्स’ची पहिली आवृत्ती 1864 ची, वाढवलेली दुसरी 1887 ची. 1877 च्या पुस्तकाने 1887 च्या आवृत्तीतून उचलणं शक्यच नाही, तरी स्कॅन शोधताना नवी आवृत्ती आधी हाती लागते आणि माणूस तीच उघडून बसतो. कोलमननी मुद्दाम ‘पहिली आवृत्ती’ असं नोंदवलं आहे. एन्नेमोझर यांच्या ‘हिस्टरी ऑफ मॅजिक’चं 1854 चं इंग्रजी भाषांतर हवं, जर्मन मूळ नको. तपासायचे असतात ते भाषांतरकाराचे शब्द.

✔ तपासा: प्रत्येक पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटो किंवा स्क्रीनशॉट वहीत चिकटवला का? साल आणि आवृत्ती त्यावर वाचता येते का? नसेल तर पुढे जाऊ नका. इथला आळस शेवटी सगळं काम वाया घालवतो.

टप्पा 3: आरोपाचे तुकडे करा

कोलमन म्हणतात: ‘आयसिस’मध्ये सुमारे 1400 पुस्तकांचे दाखले आहेत, पण प्रत्यक्ष वापरली गेली सुमारे 100. उरलेल्या 1300 बद्दलचा सगळा मजकूर या शंभरातूनच आला. आणि योग्य श्रेय न देता घेतलेले उतारे सुमारे 2000.

‘योग्य श्रेय न देता’ हे शब्द नीट वाचा. यात निदान तीन गोष्टी येतात, आणि वहीत त्यांना वेगळी अक्षरं द्यायची:

- अ – सरळ उचल. शब्द दुसऱ्याचे, अवतरणचिन्ह नाही, नाव नाही.
- ब – आडून उचल. नाव मूळ ग्रंथाचं, पण मजकूर घेतला मधल्या पुस्तकातून, आणि त्या मधल्या पुस्तकाचा उल्लेख नाही. उदाहरणार्थ, तळटीप प्राचीन ग्रीक लेखकाची, पण इंग्रजी शब्द, गाळलेली वाक्यं आणि पान क्रमांकसुद्धा डनलॅप या 19व्या शतकातल्या लेखकाचे.
- क – माहिती तीच, शब्द वेगळे. यावरून बहुधा काहीच सिद्ध होत नाही.

वाचणाऱ्याच्या मनात ‘2000 चोऱ्या’ म्हटलं की सगळ्या ‘अ’ उभ्या राहतात. पण 1400 आणि 100 या आकड्यांचा रोख मुख्यतः ‘ब’कडे आहे. ‘ब’ हा दोष किरकोळ नाही. त्यात लेखकाने न वाचलेलं वाचल्याचा देखावा होतो. पण तो ‘अ’हून वेगळा दोष आहे, आणि त्याचा पुरावाही वेगळ्या पद्धतीने गोळा करावा लागतो.

चौथं अक्षर ड ठेवा: मधल्या पुस्तकाचं नाव ब्लाव्हॅट्स्कीबाईंनी त्याच ठिकाणी नीट दिलं आहे. हा रकाना मोकळा सोडायची इच्छा होईल. सोडू नका. कोलमन यांच्या बाजूने तपासणारे हमखास हीच नोंद गाळतात.

टप्पा 4: कुठून सुरुवात करायची

कोलमननी पुस्तकवार आकडे दिले आहेत. त्यातले मोठे असे: डनलॅप यांचं ‘सोद: द सन ऑफ द मॅन’ 134, त्यांचंच ‘स्पिरिट-हिस्टरी ऑफ मॅन’ 77 आणि ‘सोद: द मिस्टरीज ऑफ अडोनी’ 65. एन्नेमोझर 107. ‘डिमनॉलॉजिया’ 85. साल्व्हर्त यांच्या ‘फिलॉसॉफी ऑफ मॅजिक’चं इंग्रजी भाषांतर 68. किंग 42. ‘सुपरनॅचरल रिलिजन’ 40.

एकट्या डनलॅप यांची बेरीज 276 होते, पुस्तकं इंग्रजी आहेत आणि 1858 ते 1861 या काळात छापलेली. म्हणून सुरुवात डनलॅपपासून करा. कोलमन यांच्या यादीतल्या दे मुसो आणि जाकोलियो यांची पुस्तकं फ्रेंच आहेत. तिथे जुळवायचं असतं ते भाषांतर, शब्द नव्हे, आणि ते काम सवय झाल्यावर हाती घ्यावं.

एक अडचण आधीच सांगतो. डनलॅप यांची पुस्तकं स्वतःच अवतरणांची माळ आहेत: दोन ओळी त्यांच्या, सहा ओळी कुणा प्राचीन लेखकाच्या. त्यामुळे डनलॅपमधून आलेला उतारा बहुतेक वेळा ‘अ’ नसून ‘ब’ निघतो. पहिल्याच दिवशी पाच जोड्या सापडल्या म्हणून हुरळून सगळ्यांपुढे ‘अ’ लिहू नका.

टप्पा 5: पानं निवडा, आणि निवड आधी लिहून ठेवा

पहिल्या खंडाची 628 पानं आहेत. ती सगळी तपासणं एका माणसाचं काम नाही. दर विसावं पान घ्या: 20, 40, 60 असं करत 620 पर्यंत. एकूण 31 पानं होतात. एका पानाला तास-दीड तास धरा.

पानांची यादी शोध सुरू करण्याआधी लिहायची, आणि नंतर बदलायची नाही. “या पानावर काही मिळालं नाही, शेजारचं बघू” असं एकदा केलं की नमुना संपला. काही न मिळालेलं पानही नोंद आहे.

कुणीतरी आधीच जोडी दाखवून दिलेली पानं सरावाला चालतात, मोजणीत धरायची नाहीत.

टप्पा 6: शोध कसा घ्यायचा

अख्खं वाक्य शोधयंत्रात टाकलं तर बहुधा काही मिळत नाही आणि माणूस ‘उचल नाही’ असं लिहून मोकळा होतो. सगळ्यात जास्त चुका याच जागी होतात. असं करा:

1. पानावरून सहा ते आठ सलग शब्दांचे तीन तुकडे निवडा. वाक्याची सुरुवात टाळा, कारण उचलणारा पहिले दोन-तीन शब्द हमखास बदलतो. मधला भाग घ्या.
2. विशेषनामं सोडून शोधा. 19व्या शतकात एकाच नावाची चार स्पेलिंगं असत.
3. तेवढ्याने नाही मिळालं तर उलट करा: दुर्मीळ विशेषनाम एकटंच टाका आणि त्याच्या आजूबाजूचा मजकूर डोळ्यांनी वाचा.
4. स्कॅनमधून यंत्राने वाचलेल्या मजकुरात ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द, तळटीपा, ग्रीक आणि हिब्रू अक्षरं यांचा चुराडा झालेला असतो. म्हणून ‘सापडलं नाही’ लिहिण्याआधी उगमग्रंथाची विषयसूची बघा आणि संबंधित प्रकरण चाळा.

⚠ सावधान: सापडलेल्या पुस्तकाचं साल 1877 नंतरचं असेल तर ते पुस्तकच ‘आयसिस’वरून उचललेलं असू शकतं. असे ‘उगम’ सर्रास दाखवले जातात.

⚠ सावधान: दोन पुस्तकं जुळतात याचा अर्थ एकाने दुसऱ्याचं घेतलं असा होत नाही. दोघांनी तिसऱ्याचं घेतलेलं असू शकतं. निर्णय पुढच्या टप्प्यात.

टप्पा 7: जोडी जुळवणं. चुका शोधा, साम्य नव्हे

दोन रकाने आखा. डावीकडे 1877 चा मजकूर, उजवीकडे उगम, दोन्ही हाताने उतरवून, विरामचिन्हांसकट. हाताने उतरवताना जे दिसतं ते नुसतं वाचताना दिसत नाही.

परीक्षकाला दोन उत्तरपत्रिका कॉपी केलेल्या आहेत हे कशावरून कळतं? बरोबर उत्तरांवरून नाही. दोघांनी गणित एकाच जागी, एकाच तऱ्हेने चुकवलं की कळतं. इथेही तसंच. वजनदार पुरावा या क्रमाने:

- चुकीचा पान क्रमांक किंवा चुकीचं प्रकरण, दोन्हीकडे तेच;
- विशेषनामाचं तेच चुकलेलं स्पेलिंग;
- मूळ लेखकाचा मजकूर दोघांनीही नेमका त्याच ठिकाणी तोडलेला;
- तीन-चार ग्रंथांचे दाखले त्याच क्रमाने लागोपाठ;
- भाषांतरकाराचा एखादा खास शब्द.

यातलं एकही नसेल आणि फक्त अर्थ जुळत असेल तर ‘क’. कितीही वाटलं तरी ‘क’च.

‘ब’ ठरवण्यासाठी आणखी एक काम लागतं: तळटीपेत नाव असलेलं मूळ पुस्तक उघडणं. ‘आयसिस’मधला मजकूर मुळाशी जुळतो की मधल्या पुस्तकाशी, हे मूळ बघितल्याशिवाय कळत नाही. बहुतेक तपासण्या नेमक्या इथे थांबतात, कारण तिसरं पुस्तक शोधायचा कंटाळा येतो.

टप्पा 8: एक जोडी शेवटपर्यंत. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय

मराठी वाचकाच्या हाती या प्रकरणात एक अशी जागा आहे जिथे त्याला भाषांतराची गरजच नाही. ती सोडू नये.

ब्लाव्हॅट्स्कीबाईंचं ‘व्हॉइस ऑफ द सायलेन्स’ 1889 साली निघालं. ‘बुक ऑफ द गोल्डन प्रिसेप्ट्स’ नावाच्या पौर्वात्य ग्रंथातले, पाठ केलेले भाग भाषांतरित केले आहेत, असं त्यात सांगितलं आहे. कोलमन यांचं म्हणणं: हे युरोपीय आणि भारतीय लेखकांच्या इंग्रजी मजकुरातून जुळवलेलं संकलन आहे. त्यांनी दिलेल्या यादीत श्लागिंटवाइट, एडकिन्स, हार्डी, ऱ्हिस डेव्हिड्स यांची बौद्ध धर्मावरची पुस्तकं आहेत, मणिलाल द्विवेदींचं ‘राजयोग’ आहे, 1888 चं ‘राजयोग फिलॉसॉफी’ आहे आणि एक मासिकातला लेख आहे: ‘द ड्रीम ऑफ रावण’, डब्लिन युनिव्हर्सिटी मॅगझिन, जानेवारी 1854. याच लेखातले उतारे जानेवारी 1880 च्या ‘द थिऑसॉफिस्ट’ या मासिकात आले होते, असं ते पुढे सांगतात. ‘द थिऑसॉफिस्ट’ त्या वेळी मुंबईहून निघत होतं आणि संपादक ब्लाव्हॅट्स्कीबाईच होत्या.

आता कामाला लागू.

पायरी 1, पुस्तकातलं वाक्य. पहिल्या भागात साधक ‘आकाशात चालणारा’ होतो असं येतं: तो लाटांवरच्या वाऱ्यांवर पाऊल ठेवतो आणि त्याचं पाऊल पाण्याला लागत नाही. त्यावर तळटीप आहे. शब्द दिला आहे ‘केशरा’, आणि स्पष्टीकरणासाठी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाचं नाव घेतलं आहे, तेही ‘गूढ ग्रंथांचा राजा’ अशा गौरवाने. पुढे अवतरण: योगी समुद्र आणि तारे यांच्या पलीकडचं पाहतो, देवांची भाषा ऐकतो व समजतो, मुंगीच्या मनात काय चाललं आहे ते जाणतो.

पायरी 2, मूळ ओव्या. सहावा अध्याय उघडा आणि 268 ते 270 वाचा. प्रतीप्रमाणे क्रमांक आणि पाठ थोडे पुढेमागे होतात. साखरे, राजवाडे यांपैकी कोणती प्रत घेतली ते वहीत लिहा.

आइकें देह होय सोनियाचें । परि लाघव ये वायूचें । जे आप आणि पृथ्वीचे । अंशु नाहीं ॥

मग समुद्रापैलीकडील देखे । स्वर्गींचा आलोचु आइके । मनोगत वोळखे । मुंगियेचें ॥

पवनाचा वारिकां वळघे । चाले तरी उदकीं पाऊल न लागे । येणें येणें प्रसंगें । येती बहुता सिद्धि ॥

समुद्रापलीकडचं, स्वर्गातली बोलणी, मुंगीचं मनोगत, वाऱ्यावर स्वार होणं, पाण्याला न लागणारं पाऊल: पाचही गोष्टी इथे आहेत. दोन गोष्टी मात्र नाहीत. ‘तारे’ ओवीत नाहीत. आणि ‘केशरा’ हा आपल्या ‘खेचर’चा ‘ख’ हरवलेला अवतार आहे. हे दोन धागे जपून ठेवा.

थोडं पुढे, 273 च्या आसपास, ‘ते कुंडलिनी जगदंबा’ ही ओवी आहे. इंग्रजी पुस्तकात त्याच परिच्छेदात अग्निमय शक्ती हृदयाच्या कोठडीत, ‘जगाच्या माते’च्या घरी परत जाते, आणि ‘जगाची माता’ हे कुंडलिनीचं नाव आहे असं टिपेत सांगितलं आहे. म्हणजे जुळणी एका तळटीपेपुरती नाही, ती मुख्य मजकुरातही शिरलेली आहे.

पायरी 3, मधलं पुस्तक. इथे घाईने ‘ज्ञानेश्वरीतून उचललं’ असं लिहायचं नाही. 1889 मध्ये ज्ञानेश्वरीचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर छापलेलं नव्हतं, आणि प्रस्तावनेत बाईंनी ज्ञानेश्वरीची गणना ‘संस्कृत ग्रंथां’त केली आहे. शके 1212 चा हा ग्रंथ मराठी आहे हे ज्याने तो मूळ भाषेत उघडला त्याच्या नजरेतून सुटणार नाही. म्हणजे वाट मधल्या कुणाकडून तरी गेली. ती दोन प्रकारे जाऊ शकते: ‘द ड्रीम ऑफ रावण’ या लेखातून, किंवा एखाद्या मराठी जाणकाराकडून तोंडी. बाई 1879 ते 1882 मुंबईत होत्या. तुकाराम तात्यांसारखे मराठी सभासद थिऑसॉफिकल सोसायटीत होते, आणि ‘राजयोग फिलॉसॉफी’ छापणारे तेच. तेव्हा दुसरी शक्यता उडवून लावण्यासारखी नाही.

निकाल लागतो तो जपून ठेवलेल्या धाग्यांवर. डब्लिनच्या मासिकाचा अंक उघडा आणि बघा: तिथे ‘तारे’ आहेत का? ‘खेचर’चं स्पेलिंग काय आहे? ‘मेघाला अवयव फुटावेत’ ही टिपेतली उपमा कोणत्या शब्दांत आहे? मग 1880 चा ‘थिऑसॉफिस्ट’ उघडा आणि हेच प्रश्न पुन्हा विचारा. मासिकाचे इंग्रजी शब्द जसेच्या तसे आले असतील तर तोंडी मदतीची शक्यता मावळते. शब्द वेगळे आणि अर्थ तोच असेल तर ती उभी राहते.

⚠ सावधान: ‘द ड्रीम ऑफ रावण’ 1895 मध्ये थिऑसॉफिस्टांनीच पुस्तकरूपाने पुन्हा छापलं. शोधताना तेच आधी मिळतं. जुळणी 1853–54 च्या मासिकाशीच करायची.

पायरी 4, नोंद. टिपेपुढे लिहा: मूळ ग्रंथाचं नाव दिलं आहे, मधल्या लेखाचं नाही. शब्द जुळले तर ‘ब’. मुख्य मजकुरातल्या वाक्यापुढे वेगळी नोंद करा, कारण तिथे प्रश्न श्रेयाचा नसून दाव्याचा आहे: अज्ञात पौर्वात्य ग्रंथाचं भाषांतर म्हणून सांगितलेल्या ओळीत सहाव्या अध्यायाची ओवी कशी आली? बाईंची बाजूही त्याच रकान्यात लिहा. अशी वचनं निरनिराळ्या रूपांत ज्ञानेश्वरीत आणि काही उपनिषदांत सापडतात, असं प्रस्तावनेत त्या स्वतःच म्हणतात. हे वाक्य गाळून केलेली तपासणी अर्धवट आहे.

✔ तपासा: तिन्ही मजकूर (1889, ओवी, 1854) एकाच पानावर एकाखाली एक उतरवले आहेत का? एकही स्मरणातून लिहिला असेल तर खोडा आणि पुस्तक पाहून लिहा.

टप्पा 9: मोजणी

कोलमन ‘उतारा’ कशाला म्हणतात याची व्याख्या देत नाहीत. सलग दोन पानं उचलली तर एक उतारा की दहा? म्हणून त्यांच्या आकड्याशी तुमचा आकडा भिडवू नका. स्वतःची व्याख्या ठरवा आणि आधी लिहा. उदाहरणार्थ: सलग 12 किंवा अधिक शब्द तेच असलेला तुकडा म्हणजे एक. मध्ये लेखिकेचं स्वतःचं पूर्ण वाक्य आलं की नवी मोजणी.

31 पानांचा निकाल ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ असा वेगवेगळा मांडा. त्यावरून संपूर्ण पुस्तकाचा आकडा काढायचा मोह टाळा. उचल सारखी पसरलेली नसते. एका प्रकरणात दाट, दुसऱ्यात विरळ.

जमलं तर त्याच काळातलं, त्याच विषयावरचं दुसरं एखादं पुस्तक याच पद्धतीने पाच पानांपुरतं तपासा. त्या काळी संदर्भ देण्याची शिस्त किती ढिली होती ते यावरून कळतं. त्याने बाईंचा दोष पुसला जात नाही, पण कोणती उचल त्या काळाच्या रिवाजात बसणारी आणि कोणती त्यापलीकडची, हे सांगता येतं. तुलनेशिवाय “तेव्हा सगळेच असं करत” म्हणणं जितकं पोकळ, तितकंच “असं कुणीच करत नसे” हेही.

टप्पा 10: निकाल लिहिताना

वाक्यं अशी असावीत: “1877 च्या पहिल्या खंडातल्या 31 पानांपैकी इतक्या पानांवर डनलॅपच्या अमुक आवृत्तीशी 12 हून अधिक सलग शब्द जुळतात. त्यातल्या इतक्या ठिकाणी डनलॅपचं नाव आहे, इतक्या ठिकाणी नाही.” एवढंच. ‘चोर’, ‘भोंदू’, ‘महात्म्यांचा चमत्कार’ यांपैकी काहीही या कामातून निघत नाही.

थिऑसॉफिस्ट बाजूचं एक उत्तर थिऑसॉफिकल सोसायटीचे सहसंस्थापक ऑलकॉट यांच्या ‘ओल्ड डायरी लीव्ह्ज’मध्ये आहे: बाई समोर पुस्तक नसतानाही सूक्ष्म प्रकाशात (सगळ्याची छाप जपणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या थरात) पानं वाचत असत. हा दावा नाकारायची किंवा मानायची गरज नाही, त्याला सातव्या टप्प्याची कसोटी लावा. मूळ ग्रंथ थेट दिसत असेल तर मधल्या पुस्तकातली छपाईची चूक सोबत यायला नको. आली असेल तर ती जोडी वहीत ठळक लिहा, कारण सगळ्या वादात सर्वांत जास्त वजन अशाच जोडीला आहे. 1891 च्या ‘माय बुक्स’ या लेखात बाईंनी ‘आयसिस’ची रचना विस्कळीत असल्याचं आणि त्यात चुका राहिल्याचं स्वतः लिहिलं आहे, तेही जोडा.

कोलमन यांच्याबद्दल लिहिताना एक गोष्ट न विसरता नोंदवा: पूर्ण पुरावे, समांतर उताऱ्यांसह, आपल्या येणाऱ्या पुस्तकात देऊ असं त्यांनी सांगितलं होतं, आणि ते पुस्तक निघालं नाही. म्हणून तुमच्या वहीतली प्रत्येक जोडी आवृत्ती, खंड, पान आणि ओळ यांच्यासकट लिहा, म्हणजे दुसऱ्या कुणाला ती दहा मिनिटांत उघडून बघता येईल.